गुऱ्हाळाची राख, क्रशरची पूड आणि ग्लेझ: घरच्या मालावर प्रयोग कसे करायचे

पहिल्यांदा राखेचं ग्लेझ करायचं ठरवलं तेव्हा मी गुऱ्हाळावरनं दोन पोती राख आणली, फुकट, वर त्यांनी काकवी पण दिली. रेसिपी सगळीकडं सापडते तीच, राख ४०, फेल्डस्पार (भट्टीत वितळणारी दगडाची पूड) ४०, चायना क्ले म्हणजे पांढरी माती २०. चाळलं, कालवलं, सहा मग बुडवले, भट्टी लावली आणि दुसऱ्या दिवशी उघडून बघते तर मगांवर काचपेपर. म्हणजे अक्षरशः, त्याच्यावर लाकूड घासता आलं असतं. मला वाटलं भट्टी चढलीच नाही, पण कोन, म्हणजे ठरलेल्या उष्णतेला वाकणारा मातीचा छोटा सुळका, तो तर नीट वाकलेला होता.

चूक माझीच होती. रेसिपीत जी राख धरलेली असते ती लाकडाची, आणि मी घातली उसाच्या चिपाडाची. दोन्हीला आपण राखच म्हणतो, पण भट्टीच्या दृष्टीनं ही दोन वेगळी द्रव्यं आहेत. हे कळायला मला सहा मग लागले, तुम्हाला लागू नयेत म्हणून लिहितेय.

आधी थोडी थिअरी, कंटाळू नका. ग्लेझ म्हणजे भांड्यावर चिकटलेली काच. काच होते सिलिकाची, पण नुसती सिलिका वितळायला १७०० अंशांच्या वर लागतं आणि आपली भट्टी जाते १२२० (कोन ६) नाहीतर १२८० (कोन १०) पर्यंत. म्हणून तिला वितळवणारं काहीतरी घालायचं, त्याला फ्लक्स म्हणतात, म्हणजे कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, बोरॉन ही मंडळी. आणि तिसरं अ‍ॅल्युमिना, मातीतून येतं ते, ते वितळलेल्या काचेला घट्टपणा देतं. गुऱ्हाळ बघितलं असेल तर काकवी आणि गुळातला फरक आठवा, काकवी ओतली की पळते, गूळ जागेवर बसतो. अ‍ॅल्युमिना कमी पडलं की ग्लेझची काकवी होते आणि ती पळत जाऊन भट्टीच्या शेल्फला चिकटते, मग छिन्नी घेऊन बसा.

तर कुठलीही नवीन पूड हातात आली की मी एवढंच विचारते, ही या तिघांपैकी कुणाचं काम करणार?

चिपाडाच्या राखेत मुख्य सिलिका असते, थोडं पोटॅश, थोडा चुना. भाताच्या तुसाची राख तर जवळजवळ सगळी सिलिकाच, ८५ ते ९५ टक्के. बाभूळ, आंबा, असल्या लाकडाची राख उलटी, तिच्यात चुना म्हणजे कॅल्शियम भरपूर, ती खरी फ्लक्स. नारळाच्या सोडणाच्या राखेत पोटॅश जास्त. म्हणजे मी माझ्या रेसिपीत फ्लक्स काढून त्या जागी सिलिका घातली होती, मग काचपेपर नाही होणार तर काय होणार.

आता दगड. आपल्याकडं पायाखाली सगळा काळा बसाल्ट आहे, ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकदा वितळून झालेला. खडी क्रशरवर जी बारीक पूड पडते, डस्ट म्हणतात तिला, ती म्हणजे अर्धं तयार ग्लेझच. साधारण निम्मी सिलिका, १३-१४ टक्के अ‍ॅल्युमिना, १० टक्क्यांच्या आसपास चुना, आणि लोह १० ते १४ टक्के. म्हणजे तिन्ही कामं करणारं सगळं एकाच घमेल्यात आणि वरनं रंग फुकट. कोन १० ला ही पूड जवळजवळ एकटीच वितळून काळपट तपकिरी काच होते, आपल्या लोणच्याच्या जुन्या बरणीची वरची तपकिरी बाजू असते ना, तिच्या जवळ जाणारा रंग. कोन ६ ला मात्र अर्धवट राहते, तिला मदत लागते.

बाकी घरचा माल म्हणजे काळी माती, कोकणातला जांभा, शिंपले, फुटलेल्या बाटल्या, रांगोळीसुद्धा. रांगोळीवर थोडं व्हिनेगर टाकून बघा, फसफसली तर तिच्यात कार्बोनेट आहे आणि व्हायटिंगच्या (कॅल्शियम कार्बोनेटची विकतची पूड) जागी ती ट्राय करता येईल. नाही फसफसली तर दुसराच दगड आहे, वेगळ्या डब्यात ठेवा. गणपतीनंतर उरलेला शाडूही मी चायना क्लेच्या जागी घालून बघितलाय, चालतो, पण दर वर्षीचा शाडू वेगळा निघतो, भरवसा नाही. काचेच्या रंगीत बांगड्या मात्र वापरू नका, दिसतात छान, पण रंगासाठी त्यात काय घातलंय ते आपल्याला कळत नाही. विकत आणायचं ते फेल्डस्पार, क्वार्ट्झ, चायना क्ले, व्हायटिंग आणि कोन ६ वाल्यांनी बोरॉनची फ्रिट, म्हणजे आधीच वितळवून दळलेली काच, ती बिनशिशाची आहे ना हे दुकानदाराकडून लिहून घ्यायचं.

राख तयार करणं हे चिकट काम आहे. आधी जाड चाळणीनं कोळसे, खिळे, चिपाडाचे न जळलेले तुकडे काढा. मग बादलीभर पाण्यात टाकून ढवळा, वर कोळसा तरंगेल तो ओगराळ्यानं काढून टाका, एक रात्र निवळू द्या, वरचं पाणी ओता, परत पाणी. हातमोजे घालूनच, राखेचं पाणी बुळबुळीत लागतं ना हाताला, ते कातडी खातं. पूर्वी भांडी घासायला राख का वापरायचे ते इथं समजतं. किती वेळा धुवायचं यावर वाद आहेत. धुतल्यानं विरघळणारं पोटॅश आणि सोडा निघून जातो, ग्लेझ थोडं उशिरा वितळतं, पण बादलीत महिनाभर ठेवलं तरी बदलत नाही. न धुतलेली राख जास्त जोरात वितळते पण तेच क्षार मग सुकताना भांड्याच्या काठाशी गोळा होतात आणि काठ वेगळा, पोट वेगळं असं दिसतं. मी तीनदा धुते. तुम्ही दोनदा धुवा, पण मग दर वेळी दोनदाच.

तुसाची राख काळी असेल तर तिच्यात कार्बन राहिलाय, एका जाड वाडग्यात भरून बिस्कच्या, म्हणजे ग्लेझ लावायच्या आधीच्या पहिल्या भाजणीच्या, भट्टीत ठेवून द्या, पांढरी होऊन येते. काळ्या मातीलाही हेच. ती पाण्यात फुगते आणि सुकताना आकसते, शेतातल्या भेगा आठवा, ग्लेझमध्ये कच्ची घातली तर भांड्यावर तशाच भेगा पडतात आणि भट्टीत ग्लेझ गोळा होऊन टक्कल पडतं. भाजून घेतली की तिची ती खोड जाते. अर्धी कच्ची अर्धी भाजलेली घेतली तर ग्लेझ बादलीत तळाला पण बसत नाही.

क्रशरची पूड वस्त्रगाळ हवी. बॉल मिल (गोट्यांनी पूड दळणारा फिरता डबा) असेल तर प्रश्नच नाही, माझ्याकडं नाही. घरचा मिक्सर वापरू नका, पातं जातं, भांडं जातं, वर चटणीत दगड. मी निवळून घेते, बादलीत पूड आणि भरपूर पाणी, जोरात ढवळायचं, ३० सेकंद थांबायचं म्हणजे जाड कण खाली बसतात, मग वरचं गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतायचं आणि ते रात्रभर बसू द्यायचं. सकाळी तळाला जो चिखल मिळतो तो बोटांत चोळला तर टाल्कम पावडरसारखा लागतो. उन्हात वाळवा, डब्यात भरा, डब्यावर कुठल्या क्रशरची आणि कधी आणली ते लिहा, कारण पुढच्या डोंगराची पूड वेगळी वागेल. बाटलीची काच पोत्यात गुंडाळून फोडायची, गॉगल लावून, आणि मग पाणी घालूनच खलायची.

मास्क सगळीकडं. एन-९५ च, तोंडाला रुमाल नाही. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की बाहेर येत नाही, सिलिकोसिस बरा होत नाही. झाडू मारायचा नाही, ओलं पुसायचं. कोरडी पूड पाण्यात घालायची, पाणी पुडीत नाही. एवढं पाळलंत तरी खूप झालं.

आता टेस्ट. मगावर टेस्ट करू नका, हे मी सहा मगांच्या अनुभवावरून सांगतेय. ज्या मातीची भांडी करता त्याच मातीच्या टाइल करा, उभ्या राहतील अशा, खाली पाय दुमडलेला एल आकार, कारण आडव्या टाइलवर सगळीच ग्लेझं गुणी दिसतात, पळतं कोण ते उभ्यावरच कळतं. अर्ध्या टाइलवर काट्यानं रेघा ओढा म्हणजे उंच कडेवर आणि खाचेत ग्लेझ कसं जमतं ते दिसेल, राखेच्या ग्लेझची सगळी मजा तिथंच असते. एका वेळी शंभरेक करून बिस्क करून ठेवा, नाहीतर आयत्या वेळी टाइल नाही म्हणून टेस्ट राहते. नंबर पेन्सिलीनं लिहू नका, जळून जातो. गेरू पाण्यात कालवून बारीक ब्रशनं मागं लिहा. वहीत तोच नंबर.

पहिली भट्टी नुसती ओळखपरेडची. मातीच्या छोट्या वाट्या करा, बिस्क करा, प्रत्येकीत एक चमचा एकच पूड, काहीही न मिसळता. बसाल्ट एका वाटीत, चिपाडाची राख दुसरीत, बाभळीची राख, काच, काळी माती, जांभा. मला वाटतं अख्ख्या प्रकारात हीच टेस्ट सगळ्यात जास्त शिकवते आणि लोक हीच गाळतात. वाट्या उघडल्या की दिसतं कोण वितळलं, कोण नुसतं आवळून बसलं, कोण जसं होतं तसंच आहे. जांभा जवळजवळ वितळत नाही, त्याच्यात लोह आणि अ‍ॅल्युमिनाच जास्त, म्हणून तो रंगासाठी थोडा घालायचा, पाया म्हणून नाही. बाभळीची राख एकटी हिरवट पिवळी होऊन मातीला खाते, वाटीत खड्डा पडलेला दिसतो. सगळ्या वाट्यांखाली एकेक जुनी बिस्किटासारखी चकती ठेवा आणि शेल्फला अ‍ॅल्युमिना आणि चायना क्लेचा हात मारून ठेवा, पहिल्या भट्टीत काहीतरी सांडणारच आहे.

मग लाइन ब्लेंड. दोन पदार्थ घ्यायचे, एकातून दुसऱ्यात पायरी पायरीनं जायचं. प्रत्येक वेळी ११ टेस्ट वेगवेगळ्या वजन करत बसलात तर दुपार जाते, म्हणून सिरिंज. मेडिकलमधून २० मिलीची सिरिंज आणा, सुई नको. मोजपात्रात एका पदार्थाची १०० ग्रॅम कोरडी पूड घ्या आणि पाणी घालून बरोबर १५० मिलीच्या रेघेपर्यंत आणा. दुसऱ्याचंही तसंच, १०० ग्रॅम आणि १५० मिली. दोन्ही ८० मेशच्या (इंचाला ८० भोकांच्या) चाळणीतून काढा, चाळणीत काही राहिलं तर घासून खाली उतरवा, फेकू नका, नाहीतर प्रमाण बिघडतं. आता दोन्हीत दर मिलीला कोरडा माल सारखाच आहे, त्यामुळं मिलीवर मोजलं तरी चालतं. अकरा कप मांडा. पहिल्यात पहिला पदार्थ २० मिली, दुसऱ्यात १८ आणि २, तिसऱ्यात १६ आणि ४, असं करत शेवटच्यात दुसरा २०. प्रत्येक पदार्थ ११० मिली लागतो, १५० केलंय म्हणजे सांडलं तरी पुरतं. सिरिंज भरायच्या आधी दर वेळी ढवळा, बसाल्ट दोन मिनिटांत तळाला बसतो.

माझी कोन ६ ची सगळ्यात उपयोगी लाइन म्हणजे बसाल्ट आणि बाटलीची काच. बसाल्टच्या टोकाला कोरडं मॅट चॉकलेटी, काचेच्या टोकाला हिरवट, तडकलेलं आणि पायापर्यंत पळालेलं, आणि मध्ये ६० बसाल्ट ४० काच याच्या आसपास चकचकीत गडद तपकिरी, कडेला मधासारखं फुटलेलं. तुमचा आकडा ७०-३० ला येईल नाहीतर ५५-४५ ला, दगड वेगळा, काच वेगळी, भट्टी वेगळी. म्हणून माझा आकडा उचलू नका, लाइन करा. या दोघांत माती नसल्यानं मिश्रण बादलीत दगडासारखं बसतं आणि सुकल्यावर बोट लागलं तरी उडतं, तेव्हा आकडा सापडला की १० टक्के चायना क्ले घालून परत एक टाइल करायची.

कोन १० वाल्यांनी तुसाची राख, फेल्डस्पार आणि लाकडाची राख तिन्ही सारखी घेऊन सुरुवात करावी. जपानी नुका ग्लेझ याच जातीचं, दुधी पांढरं, जाड असेल तिथं निळसर झाक. पांढरेपणा टिन किंवा झिरकॉन ही पांढरं करणारी द्रव्यं न घालताच येतो, न विरघळलेल्या सिलिकामुळं. तीन पदार्थ आहेत म्हटल्यावर इथं त्रिकोण करता येतो, तीन कोपऱ्यांवर तीन पदार्थ, २० टक्क्यांच्या पायऱ्या, एकूण २१ टाइल. काम आहे, पण एक पाऊस-पाण्याचा रविवार पुरतो. माझ्या गुऱ्हाळाच्या राखेचं भलं शेवटी इथंच झालं. तुसाच्या जागी ती घातली, बाभळीची राख फ्लक्स म्हणून तशीच ठेवली, आणि काचपेपरवाली राख दुधी पिवळसर झाली, पांढरीशुभ्र नाही, तिच्यात थोडं लोह असतं. फ्लक्स म्हणून नापास झालेली पूड सिलिका म्हणून पहिल्या वर्गात पास.

रंगद्रव्य घालायचं असेल तर आकडे लहान असतात. कोबाल्ट अर्धा टक्का पण खूप. वरच्या हिशेबानं २० मिलीच्या कपात १३ ग्रॅमच्या आसपास कोरडा माल असतो, त्याचा एक टक्का म्हणजे ०.१३ ग्रॅम, किचनच्या काट्यावर हे दिसणार नाही, सोनाराकडं असतो तसला ०.०१ ग्रॅमवाला काटा लागतो, ऑनलाइन स्वस्तात मिळतो. बसाल्टमध्ये रंग घालायच्या भानगडीत पडू नका, त्यातलं लोह सगळ्यांना गिळतं.

आता भट्टीबद्दल एक गोष्ट जिच्यावरून माझं आणि एका मैत्रिणीचं दोन महिने भांडण चाललं होतं. तिची भट्टी इलेक्ट्रिक, माझी गॅसची. एकाच बादलीतलं बसाल्टचं ग्लेझ तिच्याकडं कोरडं आणि माझ्याकडं पळालेलं, ती म्हणायची तू कोन जास्त चढवतेस. तसं नव्हतं. गॅसच्या भट्टीत हवा कमी केली की रिडक्शन होतं, म्हणजे आगीला ऑक्सिजन कमी पडतो, लोहाचं रूप बदलतं आणि ते स्वतःच जोरदार फ्लक्स होतं. इलेक्ट्रिकमध्ये हवा भरपूर, तिथं लोह नुसता रंग देतं. त्यामुळं लोहवाल्या ग्लेझची रेसिपी कुणाकडून घेताना कोनाच्या आधी भट्टी कुठली ते विचारा. तसंच गार कशी केली हेही. बसाल्टचं ग्लेझ ११०० पासून ९०० पर्यंत हळूहळू उतरवलं तर मॅट होऊन त्यात बारीक कण येतात, झपकन गार झालं तर आरशासारखं काळं. एकच बादली आणि दोन वेगळी ग्लेझं.

बिघडलेल्या टाइल फेकू नका. तडे म्हणजे जाळी पडली असेल तर ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतंय, क्वार्ट्झ ५-५ टक्क्यांनी वाढवत जा, काच कमी करा. पळत असेल तर चायना क्ले वाढवा. कोरडं असेल तर फ्लक्स वाढवा, पण आधी थर बघा, राखेचं ग्लेझ पातळ लागलं की कोरडंच दिसतं. टक्कल पडलं तर बिस्कवर धूळ होती, तेलकट हात लागला, थर फार जाड झाला किंवा कच्ची माती जास्त झाली. टाचणीची भोकं असतील तर टोकाच्या तापमानाला १०-१५ मिनिटं थांबून बघा. आणि काहीही करा पण एका वेळी एकच गोष्ट बदला. मी एकदा क्वार्ट्झ वाढवलं, चाळणी बदलली आणि भट्टी दहा अंश जास्त नेली, जाळी गेली, कशानं गेली ते आजपर्यंत माहीत नाही.

खायच्या भांड्यात लावायचं का, हे सगळे विचारतात. चकचकीत, नीट वितळलेलं, शिसं आणि बेरियम नसलेलं असेल तर विचार करा. पिकलेलं लिंबू कापून टाइलवर रात्रभर पालथं ठेवा, सकाळी तिथला रंग किंवा चमक बदलली असेल तर ते ग्लेझ फुलदाणीला. नाही बदललं तरी ते सुरक्षित आहे असं सिद्ध होत नाही, विकायची भांडी असतील तर लॅबमधून लीचिंग टेस्ट (ग्लेझमधून खाण्यात काय उतरतं ती तपासणी) करून घ्या, घरगुती लिंबावर गिऱ्हाईक सोडू नका. तांबं घातलेलं मॅट ग्लेझ तर लोणचं-ताकाच्या आसपासही नको.

आणि राख एकदाच पण भरपूर आणा. सापडलेली रेसिपी त्या पोत्यापुरतीच असते, पुढच्या हंगामात चुलवाणात चिपाडाबरोबर कुणी लाकडं ढकलली असली की राख बदलली, परत वाटीपासून सुरुवात. माझी यंदाची दोन पोती धुऊन वाळवून पिंपात भरलीत, आणि पिंपावर खडूनं लिहिलंय, लाकूड नाही, फक्त चिपाड, विचारून खात्री केली.